फितूर झालेली अक्कल

मोहल्ल्यात नशेविरुद्ध बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा मुलगा बेअदब नसतो. शुक्रवारी वेळेवर मशिदीत येणारा, वडीलधाऱ्यांना सलाम करणारा असतो. तो म्हणतो, "सर, शराब हराम, ते कबूल. पण गोळीचं नाव कुठे आलंय? ती तर दवा आहे, डॉक्टरच लिहून देतात. तोंडाला वास येत नाही, झिंगून कोणी पडत नाही. मग ती हराम कशी?"

या प्रश्नाला आपण आजवर दोनच उत्तरं देत आलो आहोत. एक थप्पड, दुसरं मौन. थप्पड मारणाऱ्याला वाटतं, प्रश्न विचारणं हाच गुन्हा आहे. मौन पाळणाऱ्याला वाटतं, गोळीचं नाव खरंच कुठे आलेलं नाही, उगाच कशाला बोला. दोघंही चुकतात. उत्तर चौदाशे वर्षांपासून आपल्या घरात पडून आहे आणि ते एका क्रियापदात आहे. त्या क्रियापदाचा एक नातेवाईक मराठीतही राहतो. रोज वर्तमानपत्रात दिसतो, पण आपण त्याला ओळखत नाही.

ते क्रियापद म्हणजे 'फतर'. फे, ते आणि रे या तीन अक्षरांचं अरबी मूळ. अर्थ असा, की जोर होता तो ओसरणं. उकळतं पाणी कोमट होणं, चालणाऱ्याचा पाय जड होणं, हाताची पकड ढिली पडणं, पापण्या मिटू लागणं. कोमट पाण्याला अरबीत 'फातिर' म्हणतात. कुरआनात हे मूळ वेगवेगळ्या रूपांत येतं. सूरह अंबियात (21:20) फरिश्त्यांचं वर्णन आहे. ते रात्रंदिवस अल्लाहची स्तुती करतात आणि त्यात ढिले पडत नाहीत. तिथे हेच क्रियापद आहे. सूरह माइदात (5:19) दोन रसूलांमधल्या खंडाला 'फतरत' म्हटलं आहे. सूरह जुखरुफमध्ये (43:75) दोजखातल्या लोकांची शिक्षा हलकी केली जाणार नाही असं सांगताना हेच मूळ वापरलं आहे. तिन्ही ठिकाणी गाभा एकच : चालू असलेली गोष्ट मंदावणं, तुटक होणं, सैल पडणं.

इथे एक घोटाळा आधीच दूर केला पाहिजे, कारण देवनागरीत लिहिताना तो नेहमी होतो. इफ्तार, ईद-उल-फित्र आणि फितरत या शब्दांचं मूळ वेगळं. त्यात 'ते' नाही, 'तोय' आहे. त्या मुळाचा अर्थ फाडणं, उघडणं, नव्यानं घडवणं. म्हणून फितरत म्हणजे माणसाची जन्मजात घडण. आणि 'फातिर' असं तोय घालून लिहिलं की तो अल्लाहच्या नावांपैकी एक होतो, निर्माण करणारा. मराठीत दोन्ही शब्द 'फातिर' असेच लिहिले जातात, पण एक घडवणारा आहे आणि दुसरा कोमट. नशा करणं ही माणसाची फितरतच आहे असं कोणी तत्त्वज्ञान सांगू लागला, तर त्याला एवढंच सांगावं, की बाबा, तुझं अक्षर चुकलं. फितरत तोयवाली. नशा ज्या घरची आहे ते घर तेवालं.

आता या क्रियापदाचं प्रयोजक रूप बघा. जे ढिलं पडतं ते 'फातिर', जे ढिलं पाडतं ते 'मुफत्तिर'. सुनन अबू दाऊदमध्ये, पेयांच्या प्रकरणात, उम्मुल मोमिनीन उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आहे (3686). पैगंबरांनी (स.) प्रत्येक नशा आणणाऱ्या आणि प्रत्येक 'मुफत्तिर' गोष्टीला मनाई केली, असा तिचा आशय. दोन शब्द आहेत, एक नाही. पहिला शब्द 'मुस्किर', म्हणजे नशा चढवणारा. दुसरा 'मुफत्तिर', म्हणजे अंग आणि अक्कल सैल पाडणारा. पहिल्यात माणूस झिंगतो, बरळतो, अंगात वारं भरल्यासारखा वागतो. दुसऱ्यात तो पेंगतो, गुंगतो, भिंतीला टेकून बसतो आणि डोळे अर्धवट मिटतो. मराठीनेही या दोन अवस्थांना वेगळी क्रियापदं दिली आहेत. झिंगणं वेगळं, गुंगणं वेगळं. "झिंगून कोणी पडत नाही, मग हराम कशी?" या प्रश्नाचं उत्तर त्या दुसऱ्या शब्दात आलेलं आहे. झिंगणाऱ्यासाठी एक शब्द आहे, तसा गुंगणाऱ्यासाठीही आहे.

यावर जाणकार हरकत घेतील, ती मी आधीच मांडतो. या हदीसच्या सनदेत शहर बिन हौशब हे रावी आहेत आणि त्यांच्याबद्दल मुहद्दिसांमध्ये मतभेद आहेत. काहींनी ही रिवायत कमकुवत मानली, काहींनी स्वीकारली. ठीक आहे, तिला क्षणभर बाजूला ठेवू. तरीही दावा पडत नाही, कारण तो या एकाच खांबावर उभा नाही. नशा आणणारी प्रत्येक गोष्ट खम्रच आहे, ही इब्न उमर (रजि.) यांची रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. आणि खम्र म्हणजे काय, याची व्याख्या दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी मिंबरवरून केली, ती सहीह बुखारीत नोंदलेली आहे. त्या काळी दारू द्राक्ष, खजूर, मध, गहू आणि जव या पाच वस्तूंपासून होत असे, हे त्यांनी सांगितलं. पण ते पाच नावांवर थांबले नाहीत. पुढे त्यांनी सांगितलं, की जे अकलेला झाकतं ते खम्र.

इथेही क्रियापदच आहे. 'खमर' म्हणजे झाकणं. कणीक झाकून ठेवल्यावर जे चढतं ते खमीर. डोकं झाकायचं कापड म्हणजे खिमार. अकलेवर पडदा टाकतं ते खम्र. आणि तो पडदा ओसरताना उरणारी सुस्ती म्हणजे खुमार. हाच खुमार मराठीत येऊन 'खुमारी' झाला आणि गोष्टीतली, गाण्यातली रंगत दाखवू लागला. मराठीचा हा मोठेपणा, की तिने दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीतूनही रस काढला.

मुद्दा असा, की हजरत उमर (रजि.) यांना हवं असतं तर पाच वस्तूंची यादी देऊन ते मिंबरवरून उतरले असते. मग सहावी वस्तू सापडली की वाट मोकळी झाली असती. यादी हा पळवाटीचा सगळ्यात सोपा दरवाजा. त्यांनी यादी दिली आणि लगेच तिच्यावर कुलूप घातलं, क्रियापदाचं. वस्तू कोणतीही असो, ती करते काय ते बघा. बाटलीत आहे की पत्त्यात, प्यायची आहे की गिळायची, सातव्या शतकातली आहे की कालच्या कारखान्यातली, याला महत्त्व नाही.

आपल्या फकिहांनी हे कुलूप गंजू दिलं नाही. तेराव्या शतकात मिसर आणि शाममध्ये हशीश पसरली, तेव्हाही हाच प्रश्न आला होता, की ही तर वनस्पती आहे, दारू नाही, मग हराम कशी? मिसरचे मालिकी फकीह शिहाबुद्दीन अल-कराफी (मृत्यू 1285) यांनी 'अल-फुरूक' या ग्रंथात अशा पदार्थांचे तीन गट केले. नशा चढवणारे, झोप आणणारे आणि अक्कल बिघडवणारे. दमिश्कचे इब्न तैमिया (मृत्यू 1328) हशीशला थेट खम्रच्या रांगेत बसवतात. झरकशी (मृत्यू 1392) यांनी तर केवळ हशीशच्या मनाईवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्यांच्यात वाद होते. दारूची शिक्षा हशीशला लागू होते का? कपड्याला लागली तर कपडा नापाक होतो का? अगदी थोडी मात्रा, जिने अकलेवर परिणाम होत नाही, ती चालते का? कराफी म्हणतात, दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात अशी थोडी मात्रा चालते. पण शिक्षेवर, नापाकीवर आणि मात्रेवर वाद असला तरी एका गोष्टीवर वाद नव्हता : मौजेसाठी अक्कल बुडवायची परवानगी कोणीही दिली नाही. आज कराफींचा अर्धा हवाला देऊन "हे तर झोप आणणारं आहे, नशेचं नाही" म्हणणाऱ्यांनी उरलेला अर्धाही वाचावा.

काही जण उलट्या बाजूनं चिमटा काढतात. ढिलं पाडणं हीच कसोटी असेल तर उद्या चहाही बंद कराल का? याचंही उत्तर इतिहासात आहे. 1511 मध्ये मक्केत कॉफीवर बंदी आली होती. खैर बेग नावाच्या अधिकाऱ्याने उलमांना आणि हकिमांना बसवून ती नशेची वस्तू ठरवून घेतली. ती बंदी टिकली नाही. कॉफी पिणारा पेंगत नव्हता. रात्रीच्या इबादतीला जागं राहता यावं म्हणून येमेनचे सूफी ती पीत होते. कसोटी लावली आणि कॉफी सुटली. म्हणजे हे क्रियापद फक्त बंदी घालत नाही, उगाच घातलेली बंदी उठवतंही.

दवेचंही तसंच. ऑपरेशनच्या टेबलावर जी गुंगी देतात तिला मराठीने किती नेमका शब्द दिला आहे, भूल. चुकीलाही भूल म्हणतात, मोहालाही भूल पडणं म्हणतात. पण डॉक्टर भूल देतो तेव्हा तो उशाशी उभा राहतो, श्वास मोजतो, मात्रा ठरवतो आणि माणसाला परत आणतो. कोपऱ्यावरचा विक्रेता गोळी देतो आणि पैसे मोजतो. रसायन एकच असेल, पण क्रिया एक नाही.

आता मराठीत राहणाऱ्या नातेवाइकाकडे येऊ. 'फतर'पासून अरबीत 'फुतूर' झाला, म्हणजे ढिलाई, मंदी. फारसीत आणि उर्दूत तो आला तेव्हा अर्थ थोडा सरकला : कमजोरी, मग बिघाड, मग कारभारातला बिघाड, मग दंगाफसाद. उर्दू-हिंदीत 'दिमाग का फितूर' म्हणतात तो हाच. मराठीत तो 'फितूर' झाला आणि त्याला आपल्या इतिहासाने सगळ्यात जड अर्थ दिला, आतून झालेला विश्वासघात. किल्ल्याला तोफा लागत नाहीत, शिड्या लागत नाहीत. दरवाजावरचा माणूस फितूर झाला की पुरे. आजच्या बातम्यांतही खटल्यातला साक्षीदार फितूर होतो. ज्याने पाहिलं होतं, तोच उभा राहून सांगतो, की मी काही पाहिलं नाही.

ढिलाईपासून गद्दारीपर्यंतचा हा प्रवास शब्दकोशातली गंमत म्हणून सोडून देऊ नका. गोळी माणसाचं जे करते त्याचं याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही. मालेगावात जिला 'कुत्ता गोली' म्हणतात आणि औरंगाबादेत ज्यांना 'बटन' म्हणतात, त्या बहुतेक चिंता कमी करायच्या नाहीतर झोपेच्या गोळ्या असतात. अल्प्राझोलम हे त्यातलं एक नाव. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, त्याचं काम ब्रेक लावण्याचं. या गोळ्या तो ब्रेक आणखी जोरात दाबतात. घाबरून गेलेल्या रुग्णाला डॉक्टरच्या हिशेबाने दिली तर आराम पडतो. मूठभर गिळली तर पहारेकरीच झोपतात. भीती झोपते, लाज झोपते, पुढचं-मागचं बघणारी अक्कल झोपते. शिवाय या गोळ्यांनी स्मृतीत भोकं पडतात. रात्री कोणावर चाकू काढला, आईला काय बोललो, हे सकाळी आठवत नाही. आठवत नाही हे खोटं नसतं. त्याच्या स्वतःच्या आयुष्याचा एकमेव साक्षीदार फितूर झालेला असतो.

सूरह निसामध्ये (4:43) नशेत असताना नमाजजवळ जाऊ नका असं सांगताना कसोटीही दिली आहे : आपण काय बोलतो आहोत हे आपल्याला कळेपर्यंत. तोंडाचा वास ही कसोटी नाही, पावलांचा तोल ही नाही, पेल्याचा आकार ही नाही. कळणं ही कसोटी. हनफी फिकहच्या प्राथमिक पुस्तकांत वुजू मोडणाऱ्या गोष्टींची यादी असते. तीत बेशुद्धी, वेड आणि नशा या तिन्ही गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. मदरशातल्या लहान मुलालाही ती पाठ असते. तरी "गोळी घेतली तर नमाज होते ना?" हा प्रश्न मोहल्ल्यात जिवंत राहतो, याचा अर्थ कोणीतरी शिकवायचं सोडून दिलं आहे.

आता माझी तक्रार ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे वळतो. पहिली तक्रार आपल्याच मिंबरकडे.

खिमार आणि खम्र ही एकाच मुळाची दोन फळं आहेत. एकात डोकं झाकायचं, दुसऱ्यात अक्कल झाकू द्यायची नाही. आपल्या बयानांत पहिल्या शब्दावर किती वेळ जातो आणि दुसऱ्यावर किती, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या मशिदीपुरता करून बघावा. मुलींच्या डोक्यावरच्या कापडाची लांबी ठरवायला माणसं रात्र-रात्र बसतात. मुलांच्या अकलेवरचं कापड रोज लांब होत जातं, त्याला हात लावायला कोणी नाही. बयान झालंच तर बाटलीवर होतं. बाटलीवर बोलणं सोपं आहे, कारण समोर बसलेल्यांपैकी फार थोडे बाटलीवाले असतात. गोळीवर बोलायचं तर समोरच्या सफेतल्या कोणाचा भाऊ, कोणाचा मुलगा, कोणाचा भाडेकरू निघतो. मग आवाज कोमट होतो. अरबीत त्या कोमटपणाचं नाव काय, ते वर सांगितलंच आहे.

इमाम गजाली (मृत्यू 1111) यांनी शरियतचे पाच उद्देश सांगितले : दीन, जीव, अक्कल, वंश आणि संपत्ती यांचं रक्षण. या यादीत अक्कल आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. मग तिच्या रक्षणासाठी मशिदीच्या कमिटीने वर्षाला किती रुपये काढले, हेही सांगावं. रंगरंगोटीला, रोषणाईला, जलशाला वर्गणी निघते. व्यसनातून बाहेर येऊ बघणाऱ्या पोराच्या उपचाराचा खर्च मात्र त्याची आई कानातलं विकून भागवते.

बयान करणाऱ्यांना आणखी एक सांगायचं आहे आणि ते जिवाशी निगडित आहे. "आजच्या आज तोबा कर, उद्यापासून एकही गोळी नाही," हे ऐकायला छान वाटतं. पण या प्रकारच्या गोळ्या बरेच दिवस, मोठ्या प्रमाणात घेणाऱ्याने एकदम थांबवल्या तर त्याला फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. जीवही जाऊ शकतो. मात्रा डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. तोबा एका क्षणात होते. शरीराला आठवडे लागतात. हा फरक माहीत नसलेला उपदेश माणूस मारतो. तसंच गोळी आणि दारू, किंवा गोळी आणि कोडीनचं खोकल्याचं औषध एकत्र घेतलं तर श्वास मंदावत-मंदावत थांबू शकतो. कोडीनचा काही भाग शरीरात गेल्यावर मॉर्फीन बनतो, म्हणजे तो अफूच्याच घरचा. बाटलीवर सर्दी-खोकला लिहिलं म्हणून त्याचं खानदान बदलत नाही.

दुसरी तक्रार मराठी बातम्यांकडे. क्रियापदाचा एक गुण असतो. ते आज घडतं आणि उद्या थांबू शकतं. नाम मात्र चिकटतं. 'गुंगला' म्हटलं तर तो शुद्धीवर येऊ शकतो. 'गर्दुल्ला' म्हटलं की विषय संपला. 'गर्द' हा फारसी शब्द, अर्थ धूळ. ब्राऊन शुगरच्या भुकटीला तो चिकटला आणि ती ओढणारा गर्दुल्ला झाला. हा शब्द कानाला कसा लागतो बघा : अमानुल्ला, रहमतुल्ला, गर्दुल्ला. 'दारुडा' ऐकून कोणाचा धर्म मनात येत नाही, 'गर्दुल्ला' ऐकून येतो. त्यात बातमीत मोहल्ल्याचं नाव पहिल्या ओळीत आणि विक्रेत्याला माल कुठून आला हे शेवटच्या ओळीतही नसलं, की वाचकाच्या मनात चित्र पक्कं होतं. ती नशा 'त्यांची' असते.

ती कोणाचीच मालकी नाही. भांग हा संस्कृत 'भंगा'चा वंशज, तोच फारसीत 'बंग' झाला आणि अरबीत 'बंज'. अफू हा मुळात ग्रीक, अरबी 'अफयून' होऊन आपल्याकडे आला. अल्कोहोल हा शब्द अरबी 'अल-कुहल'वरून, म्हणजे डोळ्यांत घालायच्या सुरम्यावरून, युरोपात गेला. नशेच्या शब्दांनी कधी कोणत्या धर्माचा दाखला मागितला नाही. नशेने तर नाहीच. अनिल अवचटांनी 'गर्द' हे पुस्तक लिहिलं आणि 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण उभं राहिलं, तेव्हा ते कोणत्या एका जमातीसाठी उभं राहिलं नव्हतं. घराघरांतली पोरं तिथे आली. मराठी समाजाला तेव्हा जे दिसलं होतं ते आज मोहल्ल्याचं नाव आलं की दिसेनासं का होतं?

तिसरी तक्रार सरकारकडे आणि औषधांच्या धंद्याकडे. ही गोळी कोणत्याही गल्लीत बनत नाही. लायसन असलेल्या कारखान्यात बनते. प्रत्येक पत्त्यावर उत्पादकाचं नाव, बॅच नंबर आणि तारीख छापलेली असते. अल्प्राझोलम आणि कोडीन ही औषधं 'शेड्यूल एच-1' मध्ये आहेत. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि दुकानदाराने स्वतंत्र वहीत डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती दिली हे लिहून ती वही तीन वर्षं सांभाळायची. 1985 च्या एनडीपीएस कायद्याचा धाक वर आहेच. मग पकडलेल्या पत्त्यावरचा बॅच नंबर घेऊन उलट चालत जायला किती वेळ लागतो? कारखाना, घाऊक विक्रेता, दुकान, वही. साखळीची प्रत्येक कडी कागदावर आहे. तरी हातात बेड्या पडतात त्या बहुतेकदा शेवटच्या पोराच्याच, जो दहा गोळ्या खिशात घेऊन उभा असतो. किल्ल्याचा दरवाजा कोणी उघडला हे विचारायचंच नाही, आत सापडलेल्याला तेवढं धरायचं, याला तपास म्हणत नाहीत.

याच कायद्यात एक कलम आहे, 64-अ. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर थोड्या मात्रेच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. ते मोहल्ल्यातल्या किती आयांना माहीत आहे? पोराला दवाखान्यात नेलं तर पोलीस उचलतील, या भीतीने त्या दार लावून बसतात. हे कलम कोणी उर्दूत आणि मराठीत छापून मशिदीच्या फळ्यावर लावलं, तर एखाद्या बयानापेक्षा जास्त काम होईल.

आणि त्या मुलाच्या प्रश्नाकडेही आपण नीट बघितलेलं नाही. तो फतवा मागत नव्हता. आपल्या बचावासाठी एक यादी मागत होता, आणि ती मागायची वेळ का आली हे आपण विचारलं नाही. रात्रपाळीत यंत्रमागाच्या आवाजात उभा राहणारा, एका खोलीत आठ जणांबरोबर आळीपाळीने झोपणारा, शाळा सुटलेला आणि काम न लागलेला मुलगा गोळीकडे जातो तेव्हा तो मजा शोधत नसतो. त्याला थोडा वेळ ढिलं पडायचं असतं. विश्रांतीची ही भूक हराम नाही, तिच्या नावाखाली विकली जाणारी फितुरी हराम आहे. त्याला खेळायला जागा, बसायला वाचनालय, बोलायला माणूस आणि हाताला काम मिळालं नाही, तर अरबी व्याकरणातली सगळी क्रियापदं शिकवूनही उपयोग नाही.

म्हणून त्या मुलाला उत्तर असं द्यावं. गोळीचं नाव आलेलं नाही, खरं आहे. नाव कधीच येणार नाही, कारण नावं दर दहा वर्षांनी बदलतात. काल गर्द होता, आज बटन आहे, उद्या आणखी काही येईल. जे आलं आहे ते काम आहे. अकलेला झाकतं ते, अकलेला ढिलं पाडतं ते. तू गोळीचं नाव विचारू नकोस, तिला तिचं काम विचार. आणि सुटायचं असेल तर एकट्यानं, एका रात्रीत सोडू नकोस. आम्ही डॉक्टरकडे बरोबर येतो.

हे शेवटचं वाक्य बोलायची तयारी नसेल, तर आधीची सगळी वाक्यं बोलायचा हक्क आपल्याला नाही. ढिले पडलेले फक्त ते नाहीत. फरिश्त्यांबद्दल सांगितलं आहे की ते ढिले पडत नाहीत. आपण फरिश्ते नाही, माहीत आहे. पण दरवाजावर उभं राहायचं काम आपल्याकडे आहे आणि पहारेकऱ्याला कोमट राहून चालत नाही.